कॅलगरीचे नियम आणि बेसाचा लसूण: आठ किलोतला निम्मा गेला कुठे

आधी निकाल सांगून टाकतो. नागपूरच्या बेसा रोडला मावशीच्या घरामागे दहा बाय बारा फुटांचा तुकडा आहे, त्यात तिने घरचा लसूण लावला, होळीनंतर काढला, वाळून आठ किलोच्या आसपास भरला, आणि पोळा यायच्या आत त्यातला निम्म्याहून जास्त एकतर फेकावा लागला नाहीतर घाईघाईने संपवावा लागला. लागवडीत काहीच खोट नव्हती, गड्डे बघून शेजारचे लोक विचारून राहिले होते की बियाणं कुठून आणलं. जे बिघडलं ते सगळं काढल्यानंतर बिघडलं. आणि सल्ला देणारी होती मावशीची मोठी पोरगी, आमची ताई, जी कॅनडातल्या कॅलगरीला राहते आणि उणे तीसच्या गावात दरवर्षी स्वतःचा लसूण पिकवून पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत पुरवते. म्हणजे तिला कळत नाही असं म्हणायची सोयच नाही, म्हणूनच हे प्रकरण नीट लिहून काढावंसं वाटलं.

सुरुवात झाली २०२४ मध्ये, लसूण किलोला चारशेच्या वर गेला तेव्हा. मावशी म्हणाली एवढ्या पैशात तर मी वाफाच लावते. दिवाळीच्या सुमारास बियाण्याच्या दुकानातून यमुना सफेद म्हणून मिळालेले गड्डे आणले, पाकळ्या सोडवल्या, मोठ्या मोठ्या निवडून चार बोटांच्या अंतराने टोकल्या. नागपूरची हिवाळ्यातली रात्र लसणाला बरोबर लागते तेवढी थंड असते, पाकळीला एकदा थंडी मिळाली की मग दिवस मोठा आणि गरम व्हायला लागल्यावर ती गड्डा धरते, आपल्याकडचे वाण त्यातल्या त्यात लहान दिवसांवर भागवणारे आहेत. ताईकडचे वाण इथे लावले तर नुसती पात वाढेल, गड्डा धरणारच नाही, आणि तसंही परदेशातून बियाणं पिशवीत घालून आणता येत नाही, कायदा आहे त्याचा. हे मुद्दाम लिहिलं कारण मावशीने दोनदा विचारलं होतं, "तुझ्यावाल्या त्या मोठ्या पाकळ्या घेऊन ये ना वं."

आता ताईचं गणित तिच्या गावाच्या हिशोबाने बघा, तिथे ते अगदी चोख आहे. ती लावते हार्डनेक लसूण, म्हणजे ज्याच्या मधून एक कडक दांडा वर येतो तो, वाणाचं नाव म्युझिक, एका गड्ड्यात चार-सहाच पाकळ्या पण एकेक अंगठ्याएवढी. सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, जमीन गोठायच्या काही आठवडे आधी लावायचा, वर पेंढा नाहीतर सुक्या पानांचा जाड थर द्यायचा. हा थर फक्त थंडीसाठी नसतो, कॅलगरीला हिवाळ्यात मधेच शिनूक नावाचं गरम वारं सुटतं, एका दिवसात बर्फ वितळतो आणि परत गोठतो, त्या उघडझापीत पाकळ्या जमिनीतून वर ढकलल्या जातात, ते थांबवायला थर लागतो. वसंतात कोंब वर येतो, उन्हाळ्यात दांडा वळून गोल व्हायला लागला की तो कापून भाजीत घालायचा म्हणजे सगळी ताकद गड्ड्यात जाते, आणि ऑगस्टमध्ये खालची तीन-चार पानं वाळली आणि वरची पाच-सहा हिरवी असली की उपटायचा. हार्डनेकची मान आपल्या लसणासारखी लोळत नाही, त्यामुळे तिथे पानंच मोजावी लागतात. तोवर रात्री गार व्हायला लागलेल्या असतात, सप्टेंबरमध्ये हिमदंव कधीही पडू शकतं, म्हणून ती गॅरेजमध्ये पंखा लावून तीन-चार आठवडे टांगते आणि मग तळघरात नेते. तळघर पंधरा-सोळा डिग्री, काळोख, आणि हिवाळाभर हीटिंग चालू असल्यामुळे हवा एकदम कोरडी. तिची तक्रार असते ती फेब्रुवारीनंतर पाकळ्या सुकून हलक्या पडतात एवढीच. सडणं तिला माहीतच नाही.

फोनवर तिने आईला सांगितलं ते असं: पानं अर्धी पिवळी झाली की काढ, धुवू नको, उन्हात ठेवू नको, सावलीत हवेशीर टांग, मग घरातल्या सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या खोलीत ठेव. यात एक शब्द चुकीचा नाही. कुठलंही पुस्तक उघडलं तरी हेच सापडेल. गंमत अशी की यातली शेवटची ओळ नागपूरच्या घरात नेऊन ठेवली की तिचा अर्थच उलटा होतो, ते पुढे येईल.

काढणीपासून बघू. पाणी दोन-अडीच आठवडे आधी तोडलं होतं, तसंच तोडायचं असतं, नाहीतर गड्ड्याची साल पातळ राहते आणि पाकळ्या फुटून बाहेर येतात. पण मावशीच्या मागची माती काळी, पाणी तोडलं की ती दगड होते आणि भेगा पडतात, लसूण उपटायला गेलं तर पात हातात आणि गड्डा जमिनीत. काकांनी मग सबल घातली आणि बऱ्याच गड्ड्यांना घाव बसले, काही दिसले काही दिसले नाहीत. काळ्या मातीत लसूण लावणाऱ्याने हे आधीच धरून चालावं, वाफा उंच करून त्यात शेणखत आणि वाळू भरपूर घालायची, आणि काढायच्या आदल्या दिवशी दोन ओळींच्या मधून बाजूने खोदून माती मोकळी करायची, गड्ड्याखाली नाही. जे गड्डे दुखावले ते वेगळे काढून पहिल्या महिन्यात खायचे. इथे ते वेगळे काढले नव्हते, सगळे एकत्रच वेणीत गेले.

मग गच्ची. दोन दिवस लसूण टिनाच्या शेडखाली पसरला, सावलीच होती, तिथपर्यंत ठीक. तिसऱ्या दिवशी मार्चमधलं ते नेहमीचं आभाळ आलं, वीज कडकडायला लागली, गारा पडतात की काय म्हणून काकांनी शेडच्या कडेचा जो ढीग होता त्यावर ताडपत्री टाकली आणि कडेला विटा ठेवल्या. पाऊस चार थेंब पडून गेला. दुसऱ्या दिवशी टळटळीत ऊन पडलं आणि ताडपत्री आणखी एक दिवस तशीच राहिली. तो ढीग दीड किलोचा असेल.

बाकीचा लसूण छान वाळला. आपल्याकडे मार्च-अखेरीस दुपारची हवा इतकी कोरडी असते की कॅलगरीचे तीन-चार आठवडे इथे आठ-दहा दिवसांत होतात, मान दाबून बघायची, ओल लागली नाही आणि साल कागदासारखी वाजली की झालं. मावशीने मस्त वेण्या घातल्या, चार किलोच्या. किलोभर फ्रीजच्या खालच्या ट्रेमध्ये गेला, ती काकांची कल्पना, त्यांच्या मते फ्रीजमध्ये काहीही टिकतं. थोडा किचनमध्ये टोपलीत रोजच्याला, तो खाऊन संपला, त्याचा हिशोब नको. आणि किलोभर गेला बागेत मदतीला येणाऱ्या आजीकडे, कळमेश्वरकडच्या खेड्यातली आहे, मजुरी सोडून वाटा म्हणून मावशीने दिला.

मी जुलैमध्ये गेलो तेव्हा मावशी वैतागून सूप घेऊन बसली होती, चांगला एकीकडे, खराब एकीकडे. "घरचा लसूण म्हणे, बाप्पा, यापेक्षा कॉटन मार्केटचा परवडला." तो खराब ढीग मी पेपरवर पसरवून बघायला लागलो आणि लक्षात आलं की सगळा लसूण एका कारणाने गेलेला नाही. लसूण खराब कसा झाला ते तो स्वतःच दाखवतो, फक्त फेकायच्या आधी सोलून बघावं लागतं.

पहिली जात: वरून गड्डा एकदम चांगला, साल पांढरी, दाबला तर टणक, सोलला तर पाकळी पिवळट-तपकिरी, मेणासारखी, अर्धी पारदर्शक आणि चिकट. वास पण कमी. हा बुरशीचा रोगच नाही. काढणीच्या वेळी किंवा वाळवताना जास्त ताप बसला आणि हवा खेळली नाही की पाकळी आतून शिजल्यासारखी होते, आणि लगेच दिसत नाही, कित्येक आठवड्यांनी कळतं. हा ताडपत्रीवाला ढीग. टिनाखाली मार्चच्या दुपारी जे तापमान असतं त्यात वरून ताडपत्री म्हणजे काय होणार. काका अजूनही म्हणतात की बियाणंच तसं होतं. पण त्याच बियाण्याचा बाकी लसूण असा झाला नाही, एवढं पुरेसं आहे.

दुसरी जात: पाकळीच्या मधून हिरवा कोंब वर आलेला, पाकळी मऊ, कडवट. हा सगळा फ्रीजमधला. लसणाला शून्याच्या आसपास ठेवला तर तो झोपून राहतो, मोठी शीतगृहं शून्य ते उणे एक डिग्रीला आणि साठ-सत्तर टक्के आर्द्रतेला ठेवतात, सहा महिने सहज जातात. पण घरचा फ्रीज असतो चार-पाच ते आठ डिग्री, आणि हे तापमान म्हणजे लसणाच्या भाषेत हिवाळा. जी थंडी मिळाली की पाकळी उगवायची तयारी करते तीच थंडी. म्हणजे काकांनी लसूण टिकवायला ठेवला नाही, पेरायला तयार केला. ज्या गावात हिवाळा कमी पडतो तिथले लोक लावायच्या आधी पाकळ्या मुद्दाम काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवतात ते याचसाठी. सोललेल्या पाकळ्या डब्यात घालून आठवडाभरासाठी फ्रीजला ठेवल्या तर चालतं, तो वेगळा विषय.

तिसरी जात सगळ्यात मोठी आणि खरी केस तीच. वेण्यांमधला लसूण. गड्ड्याच्या बुडाशी पांढरी बारीक मुळं फुटलेली, काही पाकळ्यांवर निळसर-हिरवी पूड, विशेषतः जिथे सबलीचा घाव बसला होता तिथे, आणि साल ओलसर, वाजत नाही. कोंब मात्र फार नाही. मुळं फुटली आणि कोंब नाही, याचा अर्थ थंडी मिळालेली नाही, ओल मिळालेली आहे. मावशी म्हणाली पावसाळ्यामुळे. मलाही आधी तेच वाटलं, पण तीच म्हणाली की मुळं तिला नवतप्यातच, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतच दिसली होती, मृग लागायच्या आधी. मे महिन्यात नागपुरात ओल येणार कुठून? बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि कपडे पंधरा मिनिटांत वाळतात.

वेण्या टांगल्या होत्या मागच्या बेडरूममध्ये. घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी खोली, ताईने सांगितल्याप्रमाणे. आणि ती सगळ्यात थंड का आहे? कारण तिच्या खिडकीला कूलर आहे.

कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून. वाळ्याच्या ताट्या असोत की लाकडाचं गवत, बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून येते, पाणी वाफ होताना उष्णता घेतं आणि खोलीत येते ती गार पण दमट हवा. बेचाळीस डिग्रीची हवा अठ्ठावीसला आणली म्हणजे तेवढं पाणी त्या हवेत घातलं. मी घरचा छोटा डिजिटल मीटर नेऊन ठेवला होता नंतर एका कोरड्या दिवशी, कूलर चालू असताना खोलीत आर्द्रता सत्तरच्या पुढे, व्हरांड्यात त्याच वेळी तिच्या निम्म्याहून कमी. दार लावून ठेवलं तर आणखी वाढते, आणि मावशी दार लावूनच झोपते. मग अठ्ठावीस डिग्री, सत्तर-पंचाहत्तर टक्के, अंधार आणि वारा थेट वेणीवर, बुरशीला यापेक्षा चांगली खोली बांधून दिली तरी मिळणार नाही. ताईच्या गावी थंड खोली म्हणजे कोरडी खोली, कारण घर गरम ठेवायला हीटर चालू असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात थंड खोली म्हणजे ओली खोली. एसी असता तर हे झालं नसतं, एसी पाणी बाहेर काढतो.

उलट खरं तर लसणाला नागपूरच्या उन्हाचं एवढं वावडं नाही जेवढं आपण समजतो. सावलीत, वारा खेळत असेल आणि हवा कोरडी असेल तर तीस-पस्तीस डिग्रीला वाळलेला लसूण उगवत नाही, वजन घटतं, पाकळी थोडी आवळते, पण टिकतो. त्याला उगवायला लावते ती थंडी, विशेषतः पाच-दहा डिग्रीच्या आसपासची. मध्य प्रदेशातला मंदसौर-नीमचचा लसूण आपल्या बाजारात येतो तो काही सगळा शीतगृहातून येत नाही, शेतकऱ्याच्या हवेशीर शेडमधूनही येतो.

हे ताईला सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "कूलर सुरू होता तर मला कोणी सांगितलं काहून नाही?" मावशी म्हणे, "उन्हाळ्यात कूलर सुरू असतो हे काय सांगायचं असतं का?" दोघींचंही बरोबर. ताई नागपुरातच वाढली, पण लसूण ती शिकली कॅलगरीला.

आता आजीचा वाटा. तिने पात कापलीच नाही, मुठी-मुठीच्या जुड्या बांधल्या आणि कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात चुलीच्या बाजूला वर बल्लीला टांगल्या. दिवाळीपर्यंत तिच्याकडे लसूण होता आणि त्यातूनच तिने बियाणंही काढलं. हे ऐकून मावशीने लगेच निष्कर्ष काढला की धुरामुळे टिकतं. धुराचा थोडा उपयोग असेलही, पण मला वाटतं मुख्य काम चुलीच्या उष्णतेचं आहे, पावसाळ्यात सगळीकडे दमट असताना त्या कोपऱ्यात रोज दोन वेळा हवा सुकते. आणि तिचा लसूणही काही अखंड नव्हता, बाहेरच्या पाकळ्या वाळून खडखडीत झालेल्या, काळपट साल, शहरात विकायला नेला तर कोणी हात लावणार नाही. तिला विकायचा नव्हता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला चूल कुठून आणायची हा प्रश्न उरतोच.

जुलैमध्ये जो वाचला तो लगेच सोलायला घेतला. मावशीने अर्धा ठेचून तेलात घालून बरणी ओट्यावर ठेवली आणि फोटो पाठवला, तर कॅलगरीत रात्र असताना ताईचा फोन आला, आत्ताच्या आत्ता फेक म्हणून. इथे ती अजिबात घाबरट नव्हती. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला की आत हवा पोचत नाही, आंबटपणा नसतो, आणि अशा ठिकाणी बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, ना वास येतो ना रंग बदलतो. १९८५ मध्ये व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणामुळेच ३६ लोक आजारी पडले होते. तेलातला कच्चा लसूण फ्रीजमध्ये आणि तोही तीन-चार दिवसच, जास्त करायचा असेल तर फ्रीझरमध्ये. मावशीने बरणी फेकली पण आठवडाभर ताईशी नीट बोलली नाही. उरलेल्याची पेस्ट करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली, ती अजून वापरून राहिले आहेत. फ्रीजमधल्या कोंबवाल्यांची पेस्ट लिंबू घातल्यावर हिरवट झाली, ती टाकायची काही गरज नव्हती, थंडीत राहिलेल्या लसणात आंबट पडलं की असा रंग येतो, खायला काही होत नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नाही आणि ती नागपुरात सगळ्यात सोपी होती. एप्रिल-मेमध्ये दुखावलेले आणि बारके गड्डे सोलून, काप करून, जाळीखाली वाळवले असते तर एक-दोन दिवसांत खुळखुळीत झाले असते, मिक्सरमधून पूड, घट्ट झाकणाची बरणी. ताईला यासाठी वीज जाळून डिहायड्रेटर लावावा लागतो. आपण पापड-कुरडया-सांडगे सगळं त्या उन्हात घालतो आणि लसूण तेवढा ठेवतो कूलरसमोर.

यंदाचं ठरलं आहे ते असं. काढणीच्या दिवशीच तीन ढीग: घाव बसलेले लगेच खायला आणि पुडीला, मधले घरात, सगळ्यात मोठे आणि निरोगी बियाण्याला. वाळवणं व्हरांड्यात दोरीवर, गच्चीवर नाही, आभाळ आलं तर ताडपत्री फक्त वरून आणि बाजू उघड्या. वेण्या उत्तरेकडच्या पॅसेजमध्ये, जिथे कूलरची हवा जात नाही, मीटर तिथेच खिळ्याला अडकवलेला राहील आणि पासष्टच्या वर दोन-तीन दिवस दिसला की जागा बदलायची. मृगाच्या आधी सगळ्या वेण्या उतरवून एकेक गड्डा दाबून बघायचा, पावसाळ्यासाठी जेवढा खरंच लागतो तेवढाच अख्खा ठेवायचा, तो हॉलमध्ये पंख्याखालच्या शेल्फवर, उघड्या टोपलीत एका थरात, बाकीचा पेस्ट करून फ्रीझरला. चार महिन्यांच्या दमट हवेत आठ किलो अख्खा लसूण ठेवायचा हट्ट मला तरी पटत नाही, मावशीला वेण्या भिंतीवर बघायला आवडतात हे खरं कारण आहे आणि त्यासाठी एक वेणी राहू द्यायला हरकत नाही. बियाण्याचा किलोभर मात्र आजीच्या घरी, चुलीजवळ, कारण ऑक्टोबरपर्यंत तो तिथेच सगळ्यात सुरक्षित राहील आणि दिसायला कसा का असेना, मातीत जाणार आहे. काकांना फ्रीजमध्ये चार गड्डे ठेवून परत बघायचं आहे. ठेवू दे, मावशी म्हणाली, पण भाजीच्या ट्रेमध्ये नाही, तिथे यंदा संत्री राहतील.